विश्लेषण : पळस्पे येथे मे १८७९ मध्ये काय घडले होते? शिरढोणच्या वासुदेव बळवंत फडके यांची गोष्ट

१५ ऑगस्टला सकाळी झेंडावंदन आटोपले की नवी मुंबईतल्या अनेकांच्या गाड्या लोणावळ्याच्या नाही तर अलिबागच्या दिशेने निघतात. बेलापूरजवळच्या दिवाळे गावातून निघालात तर सायन-पनवेल महामार्ग, कळंबोली आणि मग पळस्पे फाटा हा रस्ता ठरलेला. फाट्यावर वाहतूक कोंडीत अर्धा तास गेला तर नवल नाही. तिथून एक रस्ता पुण्याकडे जातो, दुसरा गोव्याकडे. गोव्याच्या रस्त्याला लागले की थोड्याच वेळात शिरढोण येते आणि बहुतेक गाड्या न थांबता पुढे कर्नाळ्याकडे निघून जातात.

देशाच्या स्वातंत्र्यलढ्यातल्या पहिल्या सशस्त्र बंडखोरांपैकी एक, वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म या शिरढोणचा. दिवाळे कोळीवाड्यापासून अंतर जेमतेम वीस-बावीस किलोमीटर. ज्या पळस्प्यात आपण हॉर्न वाजवत बसतो, तिथे त्यांच्या माणसांनी मे १८७९ मध्ये घातलेला छापा हा त्या बंडाचा शेवटचा मोठा हल्ला ठरला. पनवेलच्या नाट्यगृहाला त्यांचे नाव आहे, मुंबईत मेट्रो सिनेमाच्या चौकालाही आहे. नाव रोजच्या बोलण्यात असते, पण हा माणूस नेमका कोण होता आणि सरकारी नोकरी सोडून बंदूक का उचलली, हे विचारले तर बहुतेक जण अडखळतात.

कर्नाळ्याच्या किल्लेदाराचा नातू

फडके यांचा जन्म ४ नोव्हेंबर १८४५ चा. वडील बळवंतराव, आई सरस्वतीबाई. आजोबा अनंतराव हे कर्नाळा किल्ल्याचे किल्लेदार होते. दिवाळे गावाला लागून असलेला बेलापूरचा किल्ला जून १८१७ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या कॅप्टन चार्ल्स ग्रे याने घेतला. त्यानंतर काही महिन्यांतच, १८१८ मध्ये, कर्नल प्रॉथरच्या फौजेने कर्नाळा घेतला. अनंतरावांनी किल्ला लढवला, पण तो टिकला नाही. या पट्ट्यातले गड एकामागून एक पडले आणि पेशवाई संपली. वासुदेव जन्मला तेव्हा या घटनेला २७ वर्षे झाली होती. घरात आजोबा होते, समोर रोज दिसणारा कर्नाळ्याचा सुळका होता आणि तो किल्ला आता आपला नव्हता. मुलाच्या मनावर याचा परिणाम झाला नसता तरच आश्चर्य.

शाळेपेक्षा कुस्ती आणि घोडेस्वारीत त्याला अधिक रस होता. तरीही काही वर्षे इंग्रजी शिक्षण झाले आणि त्या काळच्या शिकलेल्या मुलांप्रमाणे त्यानेही सरकारी नोकरीची वाट धरली. आधी जीआयपी रेल्वे, म्हणजे आजच्या मध्य रेल्वेची पूर्वज, आणि मग लष्कराचे हिशेब खाते. या खात्याच्या नोकरीमुळे ते पुण्याला आले आणि सदाशिव पेठेत राहू लागले. तिथे सुमारे पंधरा वर्षे त्यांनी कारकुनी केली. ज्या सैन्याशी पुढे लढायचे होते, त्याच सैन्याचे जमाखर्च ते रोज लिहीत होते.

रजा मिळाली नाही

१८७०च्या सुमारास गावाकडून आई फार आजारी असल्याचा निरोप आला. फडके यांनी रजेचा अर्ज केला, साहेबाने तो मंजूर केला नाही. अखेर ते शिरढोणला पोहोचले तेव्हा आई गेली होती. पुढच्या वर्षी आईच्या श्राद्धासाठी मागितलेली रजाही नाकारली गेली, असे त्यांचे चरित्रकार सांगतात.

फडके यांच्यावरच्या छोट्या लेखांत आणि व्हिडिओंत बहुधा इथेच बंडाचे कारण सापडल्याचे सांगून पुढे जातात. ते पटण्यासारखे नाही. आईच्या मृत्यूनंतरही ते आठ-नऊ वर्षे त्याच कचेरीत होते. रजा नाकारल्याने साहेबाबद्दल राग आला असेल, पण एका साहेबावरचा राग आणि अख्ख्या राजवटीविरुद्धचे बंड यांच्यामध्ये बरेच काही घडावे लागते. पुण्यात ते घडत होते.

१८७० मध्ये पुण्यात सार्वजनिक सभा स्थापन झाली. तिचे प्राण असलेले गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, खादी वापरत आणि स्वदेशीचा प्रचार करत. गांधीजींच्या चरख्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे व्याख्यानांतून हिशेब मांडत होते की देशातला पैसा कसा बाहेर जातो, इथला कारागीर कसा बुडतो आणि शेतकरी सावकाराच्या वहीत कसा अडकतो. ऐकणाऱ्यांत फडके होते. आकडेमोड हा त्यांचा रोजचा धंदा असल्याने हे गणित त्यांना इतरांपेक्षा लवकर कळले असावे.

त्यांनी स्वदेशीची शपथ घेतली. वामन प्रभाकर भावे आणि लक्ष्मण नरहर इंदापूरकर यांच्यासोबत शाळा उभी करण्यात भाग घेतला. आजची महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटी, पुणेकरांची ‘मएसो’, ती हीच. पहिल्या पत्नीच्या निधनानंतर त्यांचे दुसरे लग्न गोपिकाबाईंशी झाले. त्यांना फडके यांनी लिहायला-वाचायला शिकवले, तलवार आणि बंदूक चालवायलाही शिकवले. १८७०च्या दशकात सदाशिव पेठेतल्या घरात हे चालले होते, शेजाऱ्यांत काय चर्चा झाली असेल याची कल्पना करता येते.

शस्त्रविद्या स्वतः ते शिकले लहुजी वस्ताद साळवे यांच्या तालमीत. मातंग समाजातले लहुजी हे त्या काळच्या पुण्यातले मोठे वस्ताद होते. ब्राह्मण कारकून त्यांच्याकडे दांडपट्टा शिकायला जातो, ही त्या काळच्या जातीच्या भिंती पाहता साधी गोष्ट नव्हती. पुढे फडके यांनी ज्यांना सोबत घेतले, त्याची सुरुवात या तालमीत दिसते.

दुष्काळाने काय बदलले?

१८७६ ते १८७८ या काळात दख्खन आणि दक्षिण भारतात भयंकर दुष्काळ पडला. ब्रिटिश मुलखात पन्नास लाखांहून अधिक माणसे दगावल्याचे अंदाज आहेत. याच दुष्काळात सर रिचर्ड टेंपल या अधिकाऱ्याला सरकारने मदतकार्याची पाहणी करायला पाठवले. खर्च वाचवण्यासाठी त्याने मजुरीचा दर कमी केला. दुष्काळी कामावर दगड फोडणाऱ्या पुरुषाला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर एखादा आणा. एक पौंड म्हणजे सुमारे साडेचारशे ग्रॅम. दिवसभर खडी फोडणाऱ्या माणसासाठी हे किती अपुरे आहे, हे समजायला आहारतज्ज्ञ लागत नाही. मुंबई इलाख्यातल्या मजुरांनी या दराविरुद्ध काम बंद केले, सार्वजनिक सभेने अर्जांवर अर्ज पाठवले. फारसा फरक पडला नाही. १८७७ मध्ये हेच टेंपल मुंबई इलाख्याचे गव्हर्नर झाले.

फडके या भागात फिरले. कधी वेश बदलून, कधी पायी. गावे ओस पडलेली, जनावरे मेलेली, खेड्यांतली माणसे पुण्या-मुंबईच्या वाटेला लागलेली त्यांनी पाहिली. १८७५ मध्ये सुपे आणि आसपासच्या गावांत शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते जाळली होती. ती धग विझली नव्हती, त्यावर हा दुष्काळ आला. १८७८ मध्ये व्हाइसरॉय लिटनने देशी वृत्तपत्रांवर बंधने घालणारा कायदा आणला आणि हत्यारे बाळगण्यावर निर्बंध घालणाराही. अर्ज करून पाहिले होते, व्याख्याने झाली होती, आता लिहिण्यावरही बंदी आली. फडके यांनी सुशिक्षितांना हाक दिली, तिला फारसा प्रतिसाद मिळाला नाही. मग ते रामोशांकडे वळले.

मराठेशाहीत किल्ल्यांची आणि गावांची राखण रामोशांकडे असे, त्यासाठी त्यांना वतने होती. १८१८ नंतर किल्ले गेले, त्यासोबत पोट भरायचे साधनही गेले. उमाजी नाईक यांनी याविरुद्ध बंड केले आणि १८३२ मध्ये त्यांना पुण्यात फाशी झाली. फडके यांच्या वेळी ती आठवण ताजी होती. रामोशी, कोळी, भिल्ल, धनगर या समाजांतली माणसे त्यांच्याभोवती जमली. त्यांत दौलतराव नाईक हा रामोशांचा म्होरक्या पुढे सर्वात महत्त्वाचा ठरला.

८० दिवसांचे बंड

२० फेब्रुवारी १८७९ रोजी पुण्याजवळच्या लोणीच्या रानात फडके यांनी मोजक्या साथीदारांसह बंड पुकारले. तीन दिवसांनी, २३ फेब्रुवारीला, शिरूर तालुक्यातल्या धामारी गावावर पहिला छापा पडला. पुढे वाल्हे, हर्णी, मांगदरी अशी गावे. लक्ष्य ठरलेले असे : सावकार, श्रीमंत व्यापारी आणि जिथे सरकारी वसुलीचा पैसा ठेवलेला असेल ते घर. या पैशातून आणखी माणसे, घोडे आणि हत्यारे जमवायची, तारा तोडायच्या, टपाल अडवायचे, तुरुंग फोडायचे आणि एकाच वेळी अनेक ठिकाणी उठाव करायचा, अशी योजना होती.

कागदावर योजना भक्कम होती, अडचण पैशांची होती. सैन्य उभे करायला मोठी रक्कम लागते आणि मोठी रक्कम मिळवायला आधी सैन्य लागते. छाप्यांत हाती आलेले पैसे माणसांना पोसण्यातच संपत. दुष्काळातून आलेल्या, घरी उपाशी मुले ठेवून आलेल्या माणसाला लुटीतला वाटा हवा असे. फडके यांना तो पैसा राज्य उभारण्यासाठी हवा होता. या ओढाताणीने ते खचले. एप्रिलमध्ये सगळे सोडून ते श्रीशैल मल्लिकार्जुनाला गेले. तिथे देवापुढे देह ठेवायचा त्यांचा विचार होता. त्याच मुक्कामात त्यांनी स्वतःची हकीकत लिहून काढली. पुढे ही वही त्यांना फार महागात पडली.

श्रीशैलहून ते परतले ते पुन्हा लढायच्या निश्चयाने. मे महिन्यात त्यांच्या नावाने जाहीरनामा निघाला. त्यात गरिबांना काम द्या, कर कमी करा, युरोपीय अधिकाऱ्यांचे भरमसाट पगार कापा, अशा मागण्या होत्या आणि न ऐकल्यास परिणाम भोगण्याचा इशाराही. सरकारने फडके यांना पकडून देणाऱ्याला बक्षीस लावले, तर उलट फडके यांच्या बाजूने थेट गव्हर्नर टेंपल यांच्या डोक्यावर इनाम जाहीर झाले. लष्कराच्या हिशेब खात्यातला कारकून इलाख्याच्या गव्हर्नरावर बक्षीस लावतो, ही बातमी लंडनच्या वृत्तपत्रांपर्यंत गेली.

पळस्प्याची रात्र

याच सुमारास दौलतराव नाईक आपली टोळी घेऊन घाट उतरून कोकणात आला. १० आणि ११ मेच्या सुमारास चिखले आणि पळस्पे या पनवेलजवळच्या गावांवर छापे पडले. हाती लागलेला ऐवज दीड लाख रुपयांच्या घरात होता, असे सांगितले जाते. आकडा थोडा फुगवलेला धरला तरी आधीच्या सगळ्या छाप्यांपेक्षा ही लूट मोठी होती. जिची फडके वाट पाहत होते, ती रक्कम प्रथमच हाती आली होती. तीही त्यांच्या जन्मगावाच्या शेजारी.

ती फडके यांच्यापर्यंत पोहोचली नाही. टोळी घाटमाथ्याकडे परतत असताना मेजर डॅनियलच्या तुकडीने तिला गाठले. चकमकीत दौलतराव गोळी लागून मारला गेला, टोळी उधळली, माल गेला. २० फेब्रुवारीपासून मोजले तर हे जेमतेम ८० ते ८५ दिवस भरतात. बंड खऱ्या अर्थाने तिथेच संपले. पैसा गेला हे एक, पण दौलतरावासारखा दुसरा माणूस फडके यांच्याकडे नव्हता. शिरढोणच्या स्मारकावर जाणाऱ्यांनी वाटेत हे नाव आठवायला हरकत नाही. पळस्प्यात त्याचे कुठे नाव दिसत नाही.

त्याच दिवसांत, १३ मेच्या रात्री, पुण्यात बुधवार वाडा आणि विश्रामबाग वाडा पेटला. संशय लगेच फडके यांच्यावर आला, इंग्रजी वृत्तपत्रांनी तर तो निकालच समजला. नंतर या आगीसाठी वेगळ्याच माणसाला शिक्षा झाली. पण तोपर्यंत पुण्यातल्या सुशिक्षितांवर सरकारची करडी नजर बसली होती. रानडे यांची पुण्याबाहेर बदली झाली.

ताप, देऊळ आणि मेजर डॅनियल

फडके पुन्हा दक्षिणेकडे गेले. निजामाच्या मुलखातल्या रोहिल्यांना आणि इतरांना सोबत घेऊन नवी फौज उभारायचा त्यांचा प्रयत्न होता. मागावर मेजर डॅनियल आणि निजामाचा पोलीस अधिकारी अब्दुल हक हे दोघे होते. पावसाळा, सततची पायपीट, अंगात ताप. २० जुलै १८७९ च्या रात्री तेव्हाच्या कलादगी जिल्ह्यातल्या देवर नावडगी या गावी ते एका देवळात झोपले असताना पकडले गेले. प्रतिकार करायची ताकद अंगात नव्हती.

खटला पुण्यात चालला. सुरुवातीला वकील मिळणेही कठीण होते, कारण बाजू मांडणारा स्वतः संशयित ठरे. अखेर सार्वजनिक काका आणि महादेव चिमणाजी आपटे पुढे आले. या आपटे यांनीच पुढे पुण्यात आनंदाश्रम ही संस्कृत ग्रंथांची संस्था उभारली. फडके यांच्याविरुद्धचा सर्वात मोठा पुरावा त्यांच्याच हातचा होता : श्रीशैलला लिहिलेली आत्मकथा आणि रोजनिशी. सरकार उलथवण्याचा हेतू त्यात त्यांनी काही न लपवता लिहिला होता. नोव्हेंबर १८७९ मध्ये जन्मठेपेची, काळ्या पाण्याची शिक्षा झाली. अपील फेटाळले गेले.

दरोडेखोर की क्रांतिकारक?

या प्रश्नाचे उत्तर तेव्हाही सोपे नव्हते. सरकारी कागदांत ते दरोडेखोरांचे पुढारी आहेत. ज्या व्यापाऱ्याचे घर लुटले गेले, त्याच्या दृष्टीनेही तो दरोडाच होता आणि ते नाकारून चालणार नाही. छाप्यांत माणसे जखमी झाली, मारलीही गेली. दुसरीकडे कलकत्त्याच्या अमृत बाजार पत्रिकेने, म्हणजे हजारो किलोमीटरवरच्या वृत्तपत्राने, त्यांच्या बाजूने लिहिले. महाराष्ट्रातली बरीच वृत्तपत्रे मात्र सावध राहिली, काहींनी निषेधही केला.

एक गोष्ट सरकारने कधी उघड कबूल केली नाही, पण तारखा बोलक्या आहेत. बंड फेब्रुवारीत सुरू झाले आणि त्याच वर्षी, १८७९ मध्येच, दख्खनच्या शेतकऱ्यांना सावकाराच्या पाशातून सोडवण्यासाठी खास कायदा मंजूर झाला. या कायद्यामागे १८७५ चे दंगे आणि त्यावरच्या चौकशीचा अहवाल होता, हे खरे. पण चार वर्षे रेंगाळलेले काम नेमके त्याच वर्षी पूर्ण व्हावे, यात फडके यांचा वाटा शून्य होता असे म्हणणे मला तरी जड जाते.

त्यांच्या हकिकतीचा आणि जाहीरनाम्याचा तपशील आज उपलब्ध आहे तोही सरकारी दप्तरामुळेच. ज्या वहीने त्यांना शिक्षा झाली, तीच जपली गेली म्हणून हा माणूस काय विचार करत होता ते आपल्याला कळते.

एडन कशासाठी?

काळे पाणी म्हटले की अंदमान आठवते. फडके यांना मात्र जानेवारी १८८० मध्ये एडनला नेण्यात आले, आजच्या येमेनमध्ये. एडन तेव्हा मुंबई इलाख्याच्या कारभाराखाली होते, त्यामुळे ही बदली कागदोपत्री सोपी होती. शिवाय अंदमानात इतर कैदी होते, संगत होती, बंडाची लागण होण्याची भीती होती. एडनच्या तुरुंगात त्यांच्याशी मराठीत बोलणारे कोण भेटणार?

याच जानेवारीत पुण्यात विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि बाळ गंगाधर टिळक यांनी न्यू इंग्लिश स्कूल सुरू केली.

एडनमध्ये फडके यांनी पळून जायचा प्रयत्न केला. कोठडीचे दार बिजागऱ्यांतून उखडून ते बाहेर पडले आणि कित्येक मैल धावले. सगळीकडे वाळवंट, भाषा वेगळी, चेहरा ओळखू येणारा. काही तासांत ते पुन्हा पकडले गेले, पायात जड बेड्या पडल्या. पुढे त्यांनी अन्न सोडले, शरीर क्षयाने पोखरले होते. १७ फेब्रुवारी १८८३ रोजी त्यांचा मृत्यू झाला. वय ३७. दोन वर्षांपूर्वी, १८८१ मध्ये, याच तारखेला लहुजी वस्ताद पुण्यात गेले होते.

जायचे असेल तर

पुण्यात संगम पुलाजवळ, सीआयडीच्या आवारात, जिथे त्यांना ठेवले होते तिथे स्मारक आहे. १९८४ मध्ये टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढले आणि २००७ मध्ये गजेंद्र अहिरे यांचा चित्रपट आला. ठाण्याचे मध्यवर्ती कारागृह हा मुळात किल्ला. तिथेच १९ एप्रिल १९१० रोजी अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना फाशी झाली. आत जाता येत नाही, पण बाहेरून तटबंदी दिसते.

दिवाळे-बेलापूरकरांसाठी सर्वात जवळचे शिरढोणच. महामार्गावरून गावात वळले की फडके यांचे स्मारक आणि घर आहे. ४ नोव्हेंबर आणि १७ फेब्रुवारीला तिथे गर्दी असते, १५ ऑगस्टला त्या मानाने निवांत. तिथून पुढे काही किलोमीटरवर कर्नाळा. किल्ला पक्षी अभयारण्याच्या हद्दीत असल्याने वनखात्याच्या नाक्यावर तिकीट काढूनच वर जावे लागते. पावसात वाट निसरडी असते, बूट चांगले घाला. माथ्यावर अंगठ्यासारखा उभा सुळका आहे, सुमारे सव्वाशे फूट उंचीचा. अनंतरावांनी जो किल्ला लढवला तो हाच, आणि आकाश मोकळे असेल तर वरून पनवेलची खाडीही दिसते.